ज्याचं काम, त्यालाच विचार

प्रिय पोरी,

"मॅडम, दिवसभर दुसऱ्यांच्या तारखा भरते, हे काय करिअर आहे?" असं तू विचारलंस. कोडिंगकडे वळायचं असेल तर खुशाल वळ. पण शेड्यूलिंगला, म्हणजे कोणतं काम कोणी आणि कधी करायचं हे ठरवायला, डोकं लागत नाही असं नागपूरच्या मिहानमधला कुणी टीम लीड म्हणाला, एवढ्यावरून वळू नकोस.

तुझा प्लॅन पाहिला. टेस्टिंगपुढे 5 दिवस लिहिलेस. कुणी सांगितले? मॅनेजरने. टेस्टिंग करणाऱ्या मुलीला विचारलंस का? टेस्ट सर्व्हर गुरुवारपर्यंत दुसऱ्या प्रोजेक्टकडे आहे, हे तिला ठाऊक आहे. तुमची प्लॅनिंगची मीटिंग संध्याकाळी सातची, आणि तोवर ती कामठीच्या बसमध्ये बसलेली असते. मग ते 5 दिवस आले कुठून? ज्याचं काम, त्यालाच विचार. मीटिंग सकाळी अकराला घ्या म्हणून सांग, आणि नाही ऐकलं तर तिच्या टेबलापाशी जाऊन विचार.

क्रिटिकल पाथ म्हणजे जी कामं लांबली की सगळा प्रोजेक्टच लांबतो त्यांची साखळी. ही पद्धत 1957 सालची, ड्यूपॉन्ट या अमेरिकन रसायन कंपनीच्या कारखान्यांसाठी काढलेली. पुढच्याच वर्षी अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट (PERT) ही कामाच्या वेळेचा अंदाज बांधायची पद्धत आली. पर्टमध्ये तीन अंदाज घेतात: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, सगळं बिघडलं तर. मधल्या अंदाजाची चौपट करायची, त्यात बाकीचे दोन मिळवायचे आणि 6 ने भागायचं. सूत्र पाच मिनिटांत येतं. तिसरा आकडा मात्र कुणी सहजी खरा सांगत नाही. नवी आलेली मुलगी सांगत नाही, इंग्रजीत अडखळणारा गडचिरोलीचा मुलगा तर नाहीच नाही. तो आकडा भीती न दाखवता काढून घेणं हेच तुझं कसब. प्लॅनिंग पोकर म्हणजे कार्डांवर अंदाज मांडायची पद्धत. तिच्यात सगळे आपापलं कार्ड एकदम उलटतात, ते साहेबाचा आकडा बघून बाकीच्यांनी आपला बदलू नये म्हणूनच. टूल, सर्टिफिकेट हे सगळं होईल गं, त्याची घाई नको.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या शेड्यूलच्या सॉफ्टवेअरचं मूळ कॅलेंडर उघडून बघ. सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच, सुट्टी एकही नाही. त्यात दसरा नाही, ईद नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तुमच्यातलेही काही जण तिथे सेवेला असतात, आणि रिलीज नेमका त्याच दिवशी लावलेला! तारीख टाकण्याआधी एकालाही विचारलं असतं तर?

आता मला सलणारी गोष्ट. आमच्याकडे डेटाबेसचं काम उत्तम करणारी एक मुलगी होती. तिचं लग्न ठरलं आणि तिला क्रिटिकल पाथवरच्या कामातून काढलं, "उगाच रिस्क नको" म्हणून. तिला कुणी विचारलंच नाही. मी भांडले, पण ऐकलं नाही कुणी. शेवटी ती नोकरी सोडून गेली. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे. ती कित्येक महिने आधी कळते, प्लॅनमध्ये बसवता येते. सर्व्हर बंद पडतो तेव्हा सांगून पडतो का? मग रिस्क कोणाची मोठी?

त्यानंतर माझ्या शेड्यूलमध्ये ज्याचं नाव त्याला न विचारता मी एक ओळ हलू दिली नाही. हेकट म्हणाले मला, बढतीही लांबली. तरी मी बरोबर होते आणि आजही तेच म्हणेन. विविधतेवर भाषणं पुष्कळ होतात. कोणाला कोणतं काम मिळतं हे मात्र तुझ्या त्या नावांच्या रकान्यात ठरतं. तो रकाना तुझ्या हातात आहे, आणि तू म्हणतेस, मी नुसत्या तारखा भरते!

टेस्टिंगचा आकडा तिला विचारून बदल, मग फाईल परत पाठव. महत्त्वाच्या कामांपुढे कोणाची नावं आहेत ते मी आधी बघणार आहे. कोडिंगचं त्यानंतर बोलू.

तुझी,
मॅडम