मानसशास्त्रात एम. ए. केलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येतं का?

प्रश्न : माझी मुलगी टी. वाय. बी. ए.ला आहे, विषय मानसशास्त्र. तिला एम. ए. करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांच्या रुग्णांना तपासणारी आणि उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ, व्हायचं आहे. तिचे बाबा म्हणतात, बी. एड. करून शाळेत लाग. दूरशिक्षणाने घरी राहून एम. ए. केलं तर चालेल का? शिवाय तिची प्राथमिक शाळा मराठी, त्यामुळे इंग्रजीची धास्ती आहे.
– एक आई, फोंडा (गोवा)

उत्तर : ताई, दूरशिक्षणाचा विचार सोडून द्या. २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. मला तरी हा निर्णय पटतो. समोरचा माणूस बोलता बोलता गप्प झाला तर आपण काय करायचं, हे घरपोच आलेल्या पुस्तकांतून शिकता येत नाही.

आता खरी मेख. नुसत्या एम. ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेलं शिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. आजवरची रुळलेली वाट म्हणजे एम. ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम. फिल., तेही रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. पण यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीने एम. फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजीला तेवढी २०२५-२६पर्यंत मुदतवाढ मिळाली. तुमच्या मुलीचं एम. ए. होईपर्यंत ही वाट तशीच राहील, असं धरून चालू नका. त्यामुळे ‘क्लिनिकल’ हा शब्द माहितीपत्रकावर ठळक छापलेला दिसला म्हणून फी भरू नका. तो अभ्यासक्रम, ते कॉलेज आणि ते वर्ष, तिन्ही आरसीआयच्या यादीत आहेत का, ते आधी बघा. दोन वर्षं आणि लाखभर रुपये घालवून मग रडत आलेली मुलं मी पाहिली आहेत.

पण तिला नेमकं काय करायचं आहे, हे तिला विचारलंत का? बांबोळीच्या मनोरुग्णालयात चाचण्या घ्यायच्या, गंभीर आजारांच्या रुग्णांबरोबर बसायचं, तर वरची लांब वाट धरावी लागेल. शाळेतल्या मुलांशी बोलायचं असेल तर समुपदेशनाचं चांगलं एम. ए. पुरे होतं. आणि इथे तिच्या बाबांच्या शाळेच्या आग्रहाचाही प्रश्न सुटतो. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं सांगितलं आहे. म्हणजे शाळेत लागायला बी. एड. हा एकच दरवाजा राहिलेला नाही. मात्र अशा नेमणुका बऱ्याचदा कंत्राटी असतात. हे तिच्या बाबांपासून लपवू नका, नाहीतर पुढे तेच तुम्हाला ऐकवतील.

कॉलेज निवडताना नावापेक्षा प्रात्यक्षिकाची चौकशी करा : इंटर्नशिप कुठे, किती तास, आणि केस बघून झाल्यावर मुलीशी बसून बोलणारं कोण? हे विचारल्यावर समोरचा घुटमळला तर समजा, तिथे फक्त नोट्स मिळतील. बाहेर पाठवायची तयारी असेल तर पुण्या-मुंबईबरोबर धारवाडही बघा. घाट ओलांडला की पोचलात, आणि तिथे मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे.

इंग्रजीचं म्हणाल तर पुस्तकं आणि परीक्षा इंग्रजीतच आहेत, त्यातून सुटका नाही. रोज दोन पानं मोठ्याने वाचायला लावा, वर्षभरात जीभ वळते. पण ओपीडीत येणारी आजी काही इंग्रजीत रडत नाही. १९९६पासून गोव्यात काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने तर डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं, आणि त्या प्रयोगाची दखल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने घेतली. कोकणी आणि मराठी सहज बोलणारी मुलगी या कामात उणी नाही, उलट दोन पावलं पुढे आहे.

आणि बी. एड.चा फॉर्म भरायचाच तर भरू द्या, त्यावरून घरात भांडण नको. फक्त त्याची प्रवेश परीक्षा आणि एम. ए.ची, दोन्ही एकाच दिवशी येत नाहीत ना, तेवढं कॅलेंडरवर बघून ठेवा.