अमेरिका-चीनची शहरं एकत्र काम करतात म्हणजे नेमकं काय करतात?

मागच्या अंकात चिपबंदी आणि टॅरिफवर लिहिलं होतं, त्यावर नाशिकमधून पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज भरपूर आले आणि बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता, की हे दोन देश एवढे भांडतात तर त्यांच्या शहरांचं, युनिव्हर्सिट्यांचं एकत्र काम चालतं तरी कसं. म्हणून हे सदर या वेळी त्यालाच दिलंय.

प्रश्न, सातपूर: ताई नमस्कार. आमचं सीएनसीचं छोटं युनिट आहे. पेपरात रोज वाचतो की अमेरिका चीनला चिप देत नाही, चीन मॅग्नेट अडवतो. आणि माझा भाचा सॅन होजेला आहे तो सांगतो की तिकडे चिनी शहरांनी स्वतःची सेंटरं उघडली होती, स्टार्टअपला जागा द्यायचे. मग खरं काय समजायचं?

उत्तर: दादा, दोन्ही खरं आहे, फक्त थोडं मागे जावं लागेल. 31 जानेवारी 1979 ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि चीनचे नेते डेंग झियाओपिंग यांनी विज्ञान-तंत्रज्ञान सहकार्याचा करार केला. त्याच सुमारास चेन चुनश्येन नावाचे बीजिंगचे एक भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेत जाऊन सिलिकॉन व्हॅली आणि बोस्टनचा रूट 128 हा टेक कंपन्यांचा पट्टा बघून आले, आणि त्यांना दिसलं काय, तर युनिव्हर्सिटीतला माणूस रस्ता ओलांडून कंपनी काढतो आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. परत आल्यावर 1980 मध्ये त्यांनी बीजिंगच्या झोंगग्वानत्सुन भागात तसंच एक छोटं सेवा केंद्र सुरू केलं. त्यांच्यावर चौकशी लागली, बोलणी खावी लागली, पण 1983 मध्ये वरून पाठिंबा मिळाला आणि मग तिथे कंपन्यांची रांगच लागली. लेनोवो तिथलीच, 1984 ची, चिनी विज्ञान अकादमीने दिलेल्या 2 लाख युआनवर सुरू झालेली, आणि याच लेनोवोने 2005 मध्ये आयबीएमचा पीसीचा धंदा विकत घेतला. म्हणजे चीनच्या एका मोठ्या इनोव्हेशन हबची, नवे शोध आणि नव्या कंपन्या जिथे निघतात अशा भागाची, सुरुवात एका माणसाने अमेरिकेत डोळे उघडे ठेवून फिरण्यातून झाली, आणि मला या सगळ्यातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण करार सरकारं करतात पण ज्ञान माणसाच्या डोक्यातून आणि हातातूनच इकडचं तिकडे जातं.

तुमचा भाचा म्हणतो ते त्याच्या खूप नंतरचं. 2012 मध्ये सँटा क्लाराला इनोस्प्रिंग नावाचा अमेरिका-चीन इनक्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणारं केंद्र, निघाला, त्यात बीजिंगच्या त्सिंगह्वा युनिव्हर्सिटीचं सायन्स पार्क होतं, आणि 2016 मध्ये झोंगग्वानत्सुनने स्वतःचं सेंटर सिलिकॉन व्हॅलीत उघडलं. देवघेव साधी होती: अमेरिकेतल्या स्टार्टअपला बसायला टेबल, गुंतवणूकदार आणि चीनमधल्या कारखान्याची ओळख मिळायची आणि चिनी शहराला नवीन तंत्रज्ञान सगळ्यांच्या आधी बघायला मिळायचं.

उलट्या दिशेनेही माणसं जायची. हॅक्स नावाचा, वस्तू बनवणाऱ्या नव्या कंपन्यांना हात देणारा हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटर टीमांना शेन्झेनला नेऊन महिनोन्‌महिने बसवायचा, हुआछ्यांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक्स मार्केटजवळ. ते मार्केट म्हणजे मजल्यावर मजले नुसते काउंटर, एकाकडे फक्त कनेक्टर, दुसऱ्याकडे फक्त मोटर, तिसरा रीळच्या रीळ रेझिस्टर घेऊन बसलेला, सकाळी सेन्सर बदलावा वाटला की दुपारपर्यंत दुसरा हातात, आणि सर्किट बोर्ड करून देणारा जवळच. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, सातपूरला टर्निंग एका शेडमध्ये, हीट ट्रीटमेंट पलीकडच्या गल्लीत आणि प्लेटिंगवाला अंबडला, आणि एका फोनवर जॉब फिरतो, तेच तिथे अफाट मोठ्या प्रमाणावर आहे. कॅलिफोर्नियात डिझाइन करणारी पोरं हुशार होती पण ही गल्ली त्यांच्याकडे नव्हती, म्हणून ती शेन्झेनला जायची.

मग बिघडलं कुठे? 2018 मध्ये अमेरिकेने परकीय गुंतवणुकीच्या तपासणीचा कायदा कडक केला, त्यामुळे सिलिकॉन व्हॅलीत येणारा चिनी पैसा आटला. ऑक्टोबर 2022 मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड चिप आणि चिप बनवायच्या मशिनरीवर निर्यातबंदी आली. आणि 2 जानेवारी 2025 पासून अमेरिकन पैसा चीनमधल्या चिप, क्वांटम आणि एआय कंपन्यांत जाण्यावरही बंधनं लागू झाली. 1979 चा तो करार मात्र मेला नाही, डिसेंबर 2024 मध्ये पाच वर्षांसाठी वाढवला, पण आता तो मूलभूत संशोधनापुरताच आहे, संवेदनशील नवीन तंत्रज्ञान त्यातून बाहेर काढलंय. तेव्हा हवामान, भूकंप, साथीचे रोग यावर सोबत बसता येतं, चिपवर नाही.

प्रश्न, देवळाली कॅम्प: दोन शहरं सिस्टर सिटी होतात ते हेच का?

उत्तर: नाही. सेंट लुइस आणि नानजिंग 1979 मध्ये जोडली गेली, सॅन फ्रान्सिस्को आणि शांघाय 1980 मध्ये. त्यात महापौरांच्या भेटी, शाळेतली मुलं, प्रदर्शनं असं जास्त असतं. ओळख होते, दार उघडतं, पण त्याने लॅब चालत नाही.

प्रश्न, नाशिकरोड: मी नर्स आहे. हे सगळं कंपन्यांचं आणि पैसेवाल्यांचं झालं, पण अशा सहकार्यातून साध्या माणसाला कधी काही मिळालंय का हो?

उत्तर: मिळालंय, आणि तुम्ही ते रोज हाताळता. फोलिक अ‍ॅसिडची गोळी. बाळाच्या पाठीचा कणा किंवा मेंदूचं आवरण पोटातच नीट बंद होत नाही, ते व्यंग उत्तर चीनमध्ये खूप होतं. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी आणि बीजिंगची मेडिकल युनिव्हर्सिटी यांनी मिळून 1990 च्या दशकात उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या काही जिल्ह्यांत लग्नाच्या वेळी नाव नोंदवणाऱ्या बायकांना रोज फक्त 400 मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घ्यायला सांगितलं आणि सुमारे अडीच लाख बायकांच्या गरोदरपणाची नोंद ठेवली. 1999 मध्ये निकाल छापून आला. ज्यांनी गरोदर राहण्याच्या आधीपासून गोळी नियमित घेतली त्यांच्यात उत्तरेकडे हे व्यंग जवळपास 80 टक्के कमी झालं, आणि दक्षिणेकडे जिथे मुळातच प्रमाण कमी होतं तिथेही 40 टक्क्यांच्या आसपास.

आता विचार करा, हे एकट्या देशाला जमलं असतं का, एकाकडे अभ्यासाची पद्धत आणि पैसा, दुसऱ्याकडे गावोगावी घरापर्यंत पोचणारी आरोग्यसेविका आणि तो त्रास रोज सोसणाऱ्या आया. आपल्याकडेही पोचवायचं काम आशाताईच करतात. मला म्हणूनच राग येतो जेव्हा कोणी सरसकट म्हणतं की चीनसोबत काही करूच नका किंवा अमेरिकेवर विश्वासच ठेवू नका, कारण उद्या असा एखादा अभ्यास या वातावरणात सुरूच झाला नाही तर किती बाळांचं नुकसान झालं हे आपल्याला कधी कळणारसुद्धा नाही. आणि हो, तुमच्याकडे येणाऱ्या मुलींना हे आवर्जून सांगा की गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते, कारण कणा बंद व्हायचं काम पहिल्या चारेक आठवड्यांतच उरकतं, तोवर बहुतेकींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं.

प्रश्न, गंगापूर रोड: मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला अमेरिका-चीन जॉइंट प्रोग्रामला अप्लाय करायचंय. आम्ही दोघं घाबरलोय. पाठवावं का?

उत्तर: वहिनी, घाबरू नका पण डोळे उघडे ठेवा. असा सगळ्यात नावाजलेला प्रयोग म्हणजे सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला असलेलं जीआयएक्स. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन आणि बीजिंगची त्सिंगह्वा युनिव्हर्सिटी यांनी 2015 मध्ये जाहीर केलं, मायक्रोसॉफ्टने 4 कोटी डॉलर दिले, शी जिनपिंग त्या वर्षी सिअ‍ॅटलला आले तेव्हा त्यांनी तिथल्यासाठी डॉन रेडवूडचं झाड भेट दिलं आणि 2017 मध्ये इमारत सुरू झाली. कल्पना चांगली होती, दोन्हीकडची मुलं एका टेबलवर बसून वस्तू बनवून दाखवणार.

पण सगळ्याच जोड्या टिकल्या नाहीत. जॉर्जिया टेकने सप्टेंबर 2024 मध्ये शेन्झेनच्या संस्थेतून अंग काढून घेतलं, कारण त्यांची भागीदार तियानजिन युनिव्हर्सिटी 2020 पासून अमेरिकेच्या निर्यात निर्बंधांच्या यादीत होती. मिशिगन युनिव्हर्सिटीने जानेवारी 2025 मध्ये शांघाय जिआओ टोंग युनिव्हर्सिटीसोबतचं वीस वर्षांचं नातं संपवायचं ठरवलं. शिकत असलेल्या मुलांना पदवी पूर्ण करायची संधी देऊ असं जॉर्जिया टेकने सांगितलं होतं, हे चांगलंच, पण आईबापाच्या जिवाला त्या मधल्या काळात काय घोर लागला असेल.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी ईमेलवर, लेखी, एवढं विचारून घ्या: डिग्री सर्टिफिकेटवर कुठल्या युनिव्हर्सिटीचं नाव येणार, एकीने मधेच हात काढला तर उरलेले विषय कुठे पूर्ण होणार आणि फीचं काय, आणि मुलगा ज्या लॅबमध्ये काम करेल तिथलं काम निर्यातबंदीच्या नियमांखाली येतं का. तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. अमेरिकेत 2018 ते 2022 चायना इनिशिएटिव्ह नावाची, चीनसाठी हेरगिरी आणि तंत्रज्ञानाची चोरी शोधायची सरकारी मोहीम चालली, त्यात एमआयटीचे प्राध्यापक गांग चेन यांना जानेवारी 2021 मध्ये अटक झाली आणि वर्षभराने सरकारने स्वतःच सगळे आरोप मागे घेतले. निर्दोष माणसाचं ते वर्ष परत कोण देणार? आपला मुलगा भारतीय आहे, त्याच्यावर तशी नजर असेलच असं नाही, पण कागद स्वच्छ असलेले बरे. उत्तरं नीट मिळाली तर पाठवा, खुशाल पाठवा, अशी मैत्री या वयातच होते.

प्रश्न, अंबड: आम्ही तिघं मित्र स्टार्टअप करतोय, स्विचगिअरसाठी (वीजपुरवठा जोडणारी-तोडणारी यंत्रणा) सेन्सर. परदेशातला एक इनक्युबेटर म्हणतोय की टाय-अप करू, प्रोटोटाइप पाठवा. नाशिकचं कधी असं हब होईल का, आणि आम्ही काय काळजी घ्यावी?

उत्तर: पहिलं हबचं. नाशिकने हे थोडं करून दाखवलंय. 2015 च्या कुंभाच्या आधी मूळचे नाशिकचे एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन झालं, गर्दी, आरोग्य, वाहतूक यावर इथल्या पोरांनी आणि तिकडच्या संशोधकांनी एकत्र काम केलं आणि त्यातूनच पुढे टीसीएसचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर नावाचं इनोव्हेशन सेंटर नाशिकमध्ये उभं राहिलं. ते जमलं कारण प्रश्न आपला होता, खरा होता आणि त्याला तारीख होती. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा पुन्हा असं काही व्हायलाच हवं.

आणि विषय एकच धरावा. अमेरिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये 31 टेक हब निवडले, प्रत्येकाला एक ठरलेला विषय, मोंटानात फोटॉनिक सेन्सिंग, म्हणजे प्रकाशावर चालणारे सेन्सर, कोलोरॅडोकडे क्वांटम, आणि पुढच्या जुलैमध्ये त्यातल्या फक्त 12 जणांना मिळून 50 कोटी डॉलरच्या वर पैसे दिले. आपल्याकडे सीमेन्स, एबीबीमुळे स्विचगिअर जाणणारी माणसं दोन पिढ्या तयार झालीत, सीपीआरआयची, म्हणजे केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची, टेस्टिंग लॅब शिलापूरला आली, द्राक्षाचं ज्ञान तर दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याइतकं फार थोड्यांकडे असेल. हे सोडून नाशिकने एआय हबचे बोर्ड लावत बसू नये असं माझं ठाम मत आहे, आणि तुम्ही स्विचगिअर धरलंत याचा मला मनापासून आनंद झाला.

आता काळजी. 2009 मध्ये ओबामा आणि हू जिंताओ यांनी अमेरिका-चीन क्लीन एनर्जी रिसर्च सेंटर जाहीर केलं, पाच वर्षांत 15 कोटी डॉलर, निम्मे निम्मे. गाड्यांचं काम मिशिगन युनिव्हर्सिटीकडे, कोळशाचं वेस्ट व्हर्जिनियाकडे, इमारतींचं लॉरेन्स बर्कली लॅबकडे आणि समोर चिनी संस्था. एकमेकांवर संशय होताच, म्हणून त्यांनी एकत्र काढलेल्या शोधावर कोणाचा कुठे काय हक्क राहील याची चौकट आधी लिहून काढली, त्यानंतरच कंपन्या मोकळेपणाने आत आल्या. तुम्ही तिघांनी तेच करायचं. प्रोटोटाइप कुरिअर करायच्या आधी पेटंटची प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती, फाइलिंग भारतात करा, कारण भारतात राहणाऱ्याने शोध परदेशात फाइल करायचा असेल तर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं किंवा पेटंट ऑफिसची परवानगी घ्यावी लागते, हा कायदा आहे आणि मोडला तर शिक्षा आहे. सर्किटचं ड्रॉइंग आणि फर्मवेअरचा सोर्स कोड सुरुवातीला देऊ नका, चालणारी वस्तू दाखवा. सुधारणा कोणीही केली तरी मालकी कोणाची हे कलम आहे का बघा, बहुतेक अ‍ॅग्रीमेंटमध्ये तिथेच गोची असते. आणि पैसा चीनमधून येणार असेल तर एप्रिल 2020 मध्ये सीमेला लागून असलेल्या देशांच्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरीचा नियम आला होता, त्याची आजची स्थिती सीएकडून तपासून मगच सही करा.

अ‍ॅग्रीमेंटचा मसुदा आला असेल तर नावं खोडून मला पाठवा, मालकीचं आणि बाहेर पडायचं अशी दोन्ही कलमं मी वाचून सांगते.