बाजेवरचे प्रश्न: हे सगळं खरंच आहे का?

या वेळची वाचकांची निम्मी पत्रं जागलीतून, म्हणजे रात्री पिकाची राखण करता करता लिहिलेली आहेत, वाचतानाच कळतं. हरभरा उभा आहे, रानडुकरं आणि रोही सोडत नाहीत, ओलिताची लाईन रात्रीची, मग माणूस धुऱ्यावर बाज टाकून पडतो, वर चांदणं असतं आणि डोक्यात नको नको ते प्रश्न सुरू होतात. मी लहान असताना असं काही विचारलं की घरचे म्हणायचे, हे रिकामटेकड्याचे धंदे आहेत. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून झाल्यावर तर अजिबातच पटत नाही. या वेळी पाचच पत्रं घेतोय, कारण पहिल्यालाच जागा जास्त लागणार आहे.

"सर, मी बी.एस्सी. सेकंड इयरले आहो. मोबाईलवर एक व्हिडिओ पाह्यला, त्यात सांगत होते का हे जग म्हणजे कोन्या तरी कॉम्प्युटरमधला गेम आहे आन आपण त्यातले कॅरेक्टर. तेव्हापासून डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. जागलीले गेलो का वाटते, हे वावर, हे चांदणं, सगळं स्क्रीनच आहे का. मंग काही केलं काय आन नाही केलं काय." (आर्णी तालुका)

बेटा, आधी त्या व्हिडिओमागची मूळ गोष्ट सांगतो, कारण व्हिडिओवाले ती अर्धीच सांगतात. निक बोस्ट्रॉम नावाचे तत्त्वज्ञ आहेत, त्यांनी ऑक्सफर्डला असताना २००३ साली एक लेख लिहिला, तिथून ही चर्चा एवढी पसरली. पण जग कॉम्प्युटरमध्ये आहेच असं त्यांनी त्यात म्हटलेलं नाही. ते म्हणतात तीनपैकी एक गोष्ट खरी असली पाहिजे: एक तर आपल्यासारखे जीव एवढी ताकदीची मशीनं बनवायच्या आधीच संपत असतील, किंवा बनवता आली तरी आपल्या पूर्वजांची नक्कल चालवण्यात त्यांना रस नसेल, आणि ही दोन्ही कारणं नसतील तर मग नकला एवढ्या होतील की आपण नकलेतले असण्याचीच शक्यता जास्त. यात एक मोठी गोष्ट गृहीत धरलेली आहे, की माणसाचं मन, म्हणजे दुखणं, भूक, आईची आठवण, हे सगळं कॉम्प्युटरवर चालू शकतं. ते कोणी अजून सिद्ध केलेलं नाही.

आणि प्रश्न काही नवा नाही. आपल्याकडे शंकराचार्यांचा दोरी आणि सापाचा दाखला घरोघरी माहीत आहे, अंधारात दोरी दिसते साप आणि दिवा आणला की साप नाहीसा होतो. तिकडे फ्रान्सच्या देकार्त नावाच्या तत्त्वज्ञानं १६४१ मध्ये विचारलं, की एखादी कपटी शक्ती मला सतत फसवत असेल तर मला कळणार कसं.

आता मला काय वाटतं ते सांगतो, आणि तू ते धुऱ्यावर तपासून पाहा. बॅटरी मारली की दोरीचा साप जातो, पण हरभऱ्यात शिरलेलं रानडुक्कर बॅटरी मारली म्हणून खोटं ठरत नाही, तू डोळे मिटले, मानायचं नाही ठरवलं, तरी सकाळी हरभऱ्याच्या चार ओळी आडव्या झालेल्या दिसतातच. तुझ्या मानण्या न मानण्यानं ज्याला फरक पडत नाही आणि ज्याच्याशी तुला झगडावं लागतं, त्याला खरं म्हणायचं. मग ते मातीचं असो, अणूंचं असो की समजा, वादापुरतं म्हणतो, कोणाच्या मशीनमधल्या आकड्यांचं असो. कशाचं बनलंय हा एक प्रश्न झाला आणि आहे की नाही हा दुसरा, व्हिडिओवाले या दोघांची मोट बांधतात आणि तिथंच पोट्टे घाबरतात. पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं बनलंय हे माणसाला अठराव्या शतकाच्या शेवटी कळलं, म्हणून काही पाणी खोटं झालं नाही, तहान त्याच पाण्यानं भागत राहिली. उद्या कळलं की सगळ्याच्या बुडाशी आकडेच आहेत, तर आपल्याला एवढंच कळेल की पाणी शेवटी आकड्यांचं आहे. तुझी आई ज्या हातानं भाकर देते तो हात त्यानं कमी खरा होत नाही.

आज रात्री एक कर. कृत्तिका पाहा, सहा-सात ताऱ्यांचा झुबका, आपली जुनी माणसं त्यावरून रात्र किती झाली ते सांगायची. तो उजेड तुझ्या डोळ्यात शिरतोय तो साधारण ४४० वर्षांपूर्वी तिथून निघालाय, शिवाजी महाराज जन्मायच्याही आधी. एवढी वाट चालून तो तुझ्या वावरात उतरतो आणि तुझ्या डोळ्याच्या पडद्यावर खरंच काहीतरी बदलतो. याला स्क्रीन म्हणावंसं मला तरी वाटत नाही.

आता तुझी शेवटची ओळ, काही केलं काय आन नाही केलं काय. ती मी तीन वेळा वाचली. कधी कधी ही ओळ व्हिडिओतून नाही येत, आधीपासून आत असते, कर्जाची, निकालाची, घरातल्या कशाची तरी, आणि व्हिडिओ फक्त तिला शब्द देतो. तसं असेल तर हा प्रश्न तत्त्वज्ञानानं सोडवू नको. बाजूच्या वावरातल्या माणसाला आवाज दे, घरी बोल, आणि कोणाशीच बोलवत नसेल तर १४४१६ ला फोन लाव, टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीबेरात्री लागते, मराठीत बोलता येतं. आणि मला परत पत्र लिही, हे मी नक्की म्हणतोय.

"माझ्या बापाची बंडी आहे. चाकं दोनदा बदलली, आस नवा, जू नवं, पाट्या तर कितीदा. तरी सगळे म्हणतात बुढ्याची बंडी. मी आता अडुसष्टचा. वाचलं का शरीरातलं सगळं सात वर्षांत बदलते. मंग मी तोच काय?" (हिंगणघाटकडून)

भाऊ, हाच प्रश्न बावीसेक शतकांपूर्वीच्या एका राजाला एका भिक्खूनं घातला होता. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, आणि भिक्खू नागसेन. पाली भाषेत त्यांचा संवाद आहे, विहारात जाणाऱ्यांना ओळखीचा असेल. राजा रथातून आला होता. नागसेन विचारतात, चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? नाही. जू? नाही. सगळं सुटं करून ढीग मारला तर तो रथ का? तेही नाही. मग रथ आहे कुठं? शेवटी राजाच कबूल करतो, की हे सगळं एकमेकांशी जोडून असतं त्याला आपण रथ हे नाव देतो, बस. नागसेन म्हणतात माणसाचंही तसंच.

सात वर्षांची गोष्ट मात्र खरी नाही, ती सगळीकडे फिरते म्हणून सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी १२० दिवसांच्या आसपास जगतात, कातडीचा वरचा थर त्याहून लवकर बदलतो, पण मेंदूच्या वरच्या थरातल्या बहुतेक चेतापेशी तुमच्या जन्मापासूनच्याच असतात. हे कसं कळलं ते ऐकण्यासारखं आहे. १९५० नंतर मोठ्या देशांनी उघड्या हवेत अणुबाँबच्या चाचण्या केल्या, त्यानं हवेत कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार, वाढला, तो पिकात गेला, पिकातून माणसात गेला, मग १९६३ च्या करारानंतर उघड्यावरच्या चाचण्या बहुतेक थांबल्या आणि त्याचं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये पेशींच्या डीएनएतला तोच कार्बन मोजून पेशी कोणत्या सालची आहे ते काढलं. म्हणजे तुमच्या माझ्या अंगात त्या बाँबची तारीख लिहिलेली आहे, जगाच्या पाठीवर कुठंही राहिलो असलो तरी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही वाचलं नव्हतं.

तर मेंदूतल्या पेशी जुन्या आहेत, पण त्यांच्यातलंही पुष्कळ द्रव्य आत-बाहेर होत राहतं. तुम्ही तेच आहात ते लाकूड तेच आहे म्हणून नव्हे. बुढ्याची बंडी का म्हणतात? एकदम सगळी बदलली नाही म्हणून. एक पाटी बदलली तेव्हा बाकीच्या जुन्या होत्या, आणि नवी पाटी जुनीच्या मापानं बसवली. तुमचं कालचं दुखणं आज आठवतं, आजचा शब्द उद्या पाळायचा असतो, ही जोडणी तुटत नाही तोवर तुम्ही तेच. याचा एक अर्थ असाही होतो की ज्याची आठवणच गेली, अशा म्हाताऱ्या माणसाचं काय, आणि तिथं मला वाटतं की ती जोडणी फक्त त्याच्या डोक्यात नसते, बायकोच्या, पोरांच्या, गावाच्या आठवणीतही असते, त्याला तोच म्हणणारी माणसं आहेत तोवर त्याचं चाक कोणी तरी धरून आहे. हे मी शास्त्र म्हणून सांगत नाही. माझ्या आईची शेवटची चार वर्षं अशीच गेली, तिथून सांगतोय.

"दहावीत आहे. सर म्हणाले अणू आतून रिकामा असतो. मग मी बाकावर बसते तेव्हा खाली का पडत नाही?" (दारव्हा)

छान प्रश्न आहे बेटा. रदरफोर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं १९११ मध्ये दाखवलं की अणूचं केंद्र फार लहान असतं. ज्वारीचा दाणा म्हणजे केंद्र समज, तर कार्बनसारखा अणू शंभरेक मीटर रुंद होईल, म्हणजे अडीच एकराच्या वावरात मधोमध एक दाणा. पण बाकीचं वावर रिकामं नाही, तिथं इलेक्ट्रॉन पसरलेले असतात, आणि तुझ्या अंगातले इलेक्ट्रॉन आणि बाकाचे इलेक्ट्रॉन एकाच जागी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, शिवाय एकमेकांना ढकलतात. ते ढकलणं म्हणजेच बाकाचं टणकपण. वर आर्णीच्या दादाला जे लिहिलंय तेच इथं आहे, बाक कशाचा आहे हे कळलं म्हणून बाक खोटा होत नाही.

"एआय सगळं करून राहिलं, पोरांचे निबंधही. पुढं माणसाची गरज राहील का?" (मेहकर)

मशीन विचार करतं का, हे ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञानं १९५० मध्येच विचारून ठेवलंय आणि ते वाद चालतील. सिलिकॉनचं बनलंय म्हणून मशीनला मन असूच शकत नाही, असं मी म्हणणार नाही, कारण मग माझाच वरचा मुद्दा खोटा पडेल. मी एवढंच पाहतो की तिथं कोणाला दुखतंय का, आणि आज मला तसं काही दिसत नाही. पण तुमचा प्रश्न गरजेचा आहे. सोयाबीनला हार्वेस्टर आलं तेव्हा सोंगणीची मजुरी ज्या बायांच्या हातून गेली त्यांना कोणी विचारलं नव्हतं की पुढं काय. गरज कोणाची आणि ठरवणार कोण, हे माणसंच ठरवतात, मशीन नाही. आणि निबंध पोरांना स्वतः लिहू द्या, वाईट लिहिला तरी चालेल, लिहिता लिहिताच त्यांना कळतं की आपल्याला काय वाटतं.

"मुलगी सातवीत आहे. तिला कळलं की सूर्य एक दिवस संपणार. रडते, म्हणते मग शाळा कशाला, सगळं कशाला. काय सांगू?" (वरोरा तालुका)

ताई, तिला उगाच रडते म्हणू नका, तिला खरं दुःख झालंय. आकडे सांगा आधी. सूर्याचं आताचं आयुष्य अजून साधारण ५०० कोटी वर्षांचं आहे. तो हळूहळू तापत जाईल आणि १०० कोटी वर्षांच्या आसपास समुद्र आटतील, हेही लपवू नका. माणूस म्हणून आपण आलोय फक्त ३ लाख वर्षांपूर्वी. म्हणजे पुढची वाट मागच्या वाटेच्या हजारो पट आहे.

पण आकड्यानं तिचं समाधान होणार नाही, म्हणून तुमच्याच तालुक्यातली गोष्ट सांगतो. पिसदुरा गाव तुम्हाला माहीत असेल. तिथल्या खडकात डायनोसॉरची हाडं सापडतात आणि त्यांचं शेणही, दगड झालेलं. २००५ साली शास्त्रज्ञांनी त्या शेणात गवताचे बारीक कण दाखवले, त्यात धानाच्या नात्यातल्या गवताचेही होते. तोपर्यंत समजूत होती की गवताच्या जाती डायनोसॉर गेल्यावर बहरल्या. आता पाहा, ६.६ कोटी वर्षांपूर्वी दहाएक किलोमीटरचा दगड मेक्सिकोपाशी आदळला, त्याच काळात आपल्याकडे लाव्हा वाहत होता, त्याचीच झीज होऊन ही काळी माती झाली, आणि ती अवाढव्य जनावरं संपली. गवत राहिलं. ज्वारी गवतच आहे, गहू गवतच आहे, धान गवतच आहे. त्या जनावरांनी चघळलेल्या गवताच्या गणगोतातली भाकर आपण त्यांच्याच वेळच्या लाव्ह्याच्या मातीत पिकवून खातो.

डायनोसॉरला वरून येणारा दगड दिसला असेल तरी काही करता आलं नसतं. माणसानं सप्टेंबर २०२२ मध्ये डायमॉर्फोस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम यान आदळवलं आणि त्याच्या जोडीच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची फेरी साधारण ३३ मिनिटांनी कमी केली. तो लहान होता, आपल्या वाटेवर नव्हता, फक्त जमतं का ते पाहायचं होतं, आणि जमलं. पृथ्वीवर आजवर झालेल्या जीवांत हे करू शकलेले पहिले आपण आहोत, आणि ज्यांनी केलं ते कधी तरी सातवीत होते. शाळा कशाला याचं माझ्याकडचं उत्तर हे आहे.

आणि संपणार म्हणून व्यर्थ, हे मला मान्य नाही. तुमची मुलगी आज रडली हे ५०० कोटी वर्षांनीही घडलेलंच राहील, सूर्य ते पुसू शकत नाही, तुम्ही तिला जवळ घेतलं असेल तर तेही.

रविवारी तिला पिसदुऱ्याला घेऊन जा. गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्या, दगड पाहा, हात लावा, पण उचलून आणू नका, जिथल्या तिथं राहू द्या. आणि डबा न्या ज्वारीच्या भाकरीचा.