जुन्या मारुती ८०० चे मागचे बेअरिंग घरी बदलता येतात का?

येतात. पण तुम्ही लिहिलंय की गाडी २००३ ची ८०० आहे, मागून घूंऽऽ असा आवाज येतो, गॅरेजवाला म्हणतो दोन्ही बाजूंचे बेअरिंग गेले, आणि घरी जॅक-पाने आहेत. त्यावरून दोनच गोष्टी सांगतो. ते खरंच गेलेत का, हे आधी स्वतः बघा. आणि निम्मं काम घरी करा, निम्मं लेथवाल्याकडून करून घ्या. मी नाशिकला अंबडमधल्या एका कंपनीत मेंटेनन्सला एकवीस वर्षं काढली, बेअरिंग काढणं-बसवणं हा रोजचा धंदा. तरी स्वतःच्या ८०० चं पहिलं बेअरिंग मीच मारलं. ते पुढे येतंच.

रविवारी सकाळी सहाला मुंबई नाक्याहून उड्डाणपुलावर चढा. रस्ता मोकळा असतो. ५०-६० चा वेग धरून क्षणभर न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर इंजिनावरचा संशय गेला. डांबर संपून सिमेंटचा रस्ता लागल्यावर आवाज बदलला तर तो बहुतेक टायरचा, कारण बेअरिंगला रस्ता कुठला याच्याशी देणंघेणं नसतं, वेगाशी आणि भाराशी असतं. मग गंगापूर धरणाकडच्या रस्त्याला घ्या, तिथे वळणं आहेत. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावं. लोक नेमकं उलटं धरतात आणि चांगलं बेअरिंग काढून फेकतात.

घरी आल्यावर मागचं चाक उचला, हाताने जोरात फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. गेलेलं बेअरिंग बोटांना कळतं, जात्यावर हात ठेवल्यासारखी खरखर येते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खडखडलं तर आणखी विचारायलाच नको.

एक विचारायचं राहिलं. गाडी गेल्या पावसाळ्यात गोदाकाठच्या पार्किंगला उभी होती का? पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की आपण पूर बघायला जातो. तो मारुती पाण्यात उभा राहतो, आपली मारुती नाही राहत. बेअरिंगचं सील म्हातारं असेल तर पाणी आत जातं, ग्रीस दुधाळ होतं आणि छर्ऱ्यांना गंज धरतो.

आता काम. हँडब्रेक सोडावाच लागतो, नाहीतर ब्रेकचा ड्रम (चाकामागचा डबा, बेअरिंग यातच असतात) निघत नाही. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालू नका, घोडी (जॅक-स्टँड) लावा. मधलं टोपण स्क्रूड्रायव्हरने उचकटा, स्प्लिट पिन काढा आणि मोठा नट लांब दांड्याच्या पान्याने सोडा. ड्रम अडला तर चाक दोन नटांवर सैलसर परत लावा आणि चाकालाच धरून डावी-उजवीकडे डुलवत बाहेर ओढा. हळू ओढा, गाडी घोडीवर आहे हे विसरू नका. आतली काळी भुकटी फुंकू नका, ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.

ड्रममध्ये दोन बेअरिंग आहेत आणि त्यांच्या मधे स्पेसर, म्हणजे पोलादाची साधी नळी. ती सांभाळा. माझी घरंगळत सोसायटीच्या गटाराच्या जाळीपर्यंत गेली होती. शेजारच्या काकूंनी ती नळाचा तुकडा समजून उचलून ठेवली, म्हणून वाचली. तिच्याशिवाय नट आवळला तर दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रेस (छर्रे ज्यांवर फिरतात त्या कड्या) एकमेकींकडे खेचल्या जातात, छर्रे चेपले जातात आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत तापून जातं.

जुनं बेअरिंग काढताना स्पेसर एका बाजूला सरकवा, पितळी सळई आतून रेसच्या कडेला टेकवा आणि गोल फिरत फिरत ठोका. हे फेकायचंच आहे, कुठेही मारा.

नवं बसवताना मात्र तसं चालत नाही. बेअरिंग ड्रममध्ये घट्ट बसतं ते बाहेरच्या रेसमुळे. मी घाईत आतल्या रेसवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारली. बेअरिंग झकास बसलं, पण प्रत्येक घाव छर्ऱ्यांतून बाहेरच्या रेसपर्यंत गेला आणि रेसवर बारीक खड्डे पडले. आठच दिवसांत तोच घूंऽऽ परत. कंपनीत पोरांना हेच शिकवायचो, घरी स्वतः विसरलो.

जोर फक्त बाहेरच्या रेसवर द्या. जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी ग्राइंडरवर जराशी बारीक करून घ्या. ठोकायला तिच्याइतकं चांगलं हत्यार बाजारात मिळणार नाही, आणि ती आत अडकतही नाही. नवी बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. बायको बर्फाच्या ट्रेशेजारी बघून काय म्हणायचं ते म्हणेल. ड्रम गच्चीवर उन्हात ठेवा. ५० मिलिमीटर व्यासाचं पोलादी कडं ५० अंशांनी थंड झालं की साधारण ३० मायक्रॉन आखडतं. डोळ्याला दिसत नाही, पण हातोडीला कळतं.

हे जमेलसं वाटत नसेल तर ड्रम, बेअरिंग आणि स्पेसर पिशवीत घालून अंबड किंवा सातपूरला कुठल्याही लेथवाल्याकडे न्या. तो प्रेसवर पाच मिनिटांत बसवून देतो. आधी एक बेअरिंग, मग स्पेसर, मग दुसरं, हा क्रम त्याला समोर उभं राहून सांगा. तो रोज शंभर वस्तू प्रेस करतो, तुमच्या ८०० ची आठवण त्याला नसते.

खरेदीला द्वारका चौकाकडे जाताना जुनं बेअरिंग खिशात असू द्या. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. समजा ६२०४ असेल, तर शेवटच्या ०४ ला ५ ने गुणायचं, आतलं भोक २० मिलिमीटर. पुढे टूआरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं. एका अंकाचा फरक असलेलं "हेच बसतं" म्हणून दिलं तर घेऊ नका. स्प्लिट पिन नवीनच घ्या, जुनी सरळ करून घालणारे महाभाग मी पाहिलेत.

नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळा. टॉर्क पाना गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा, अंदाजाने ओढू नका. मग पाथर्डी फाट्यावरून विल्होळीपर्यंत जाऊन या आणि उतरल्या उतरल्या दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यावर हाताची पालथी बाजू जपून जवळ न्या. दोन्ही सारखीच कोमट लागली तर झालं. एक चटका देत असेल तर त्या बाजूचा ड्रम पुन्हा उतरवा, आणि पहिल्यांदा स्पेसर आहे का ते बघा.