‘अर्लीत टाकलं तर चान्स किती?’

मी परदेशी प्रवेशांसाठी समुपदेशन करते. गणपती संपले की परदेशी जाऊ पाहणाऱ्या बारावीच्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतल्या मोजक्याच मुलांना घेणाऱ्या कॉलेजांची प्रवेशाची एक आधीची फेरी असते. १ नोव्हेंबरच्या सुमारास अर्ज, डिसेंबरच्या मध्यावर निकाल. त्यातही ‘अर्ली अॅक्शन’मध्ये निवड झाली तरी तुम्ही बांधले जात नाही. ‘अर्ली डिसिजन’ मात्र एकाच कॉलेजला करता येतं, आणि प्रवेश मिळाला तर इथेच येऊ, बाकीचे अर्ज मागे घेऊ, असं विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक सही करून लिहून देतात.

सानिका (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावी सायन्सला होती. तिला जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र एकत्र शिकायचं होतं आणि ईशान्य अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजवर तिचा जीव जडला होता. आई-बाबांना घेऊन आली तेव्हा तिच्या वहीत आकडे तयार होते. नियमित फेरीत शंभरातल्या सात-आठ जणांना प्रवेश, अर्लीत वीस जणांना. “म्हणजे चान्स जवळजवळ तिप्पट ना, मॅडम?”

मी तिला वहीतच वजाबाकी करायला लावली. समजा अर्लीत दोन हजार अर्ज आले आणि चारशे जणांना घेतलं. या चारशेंत कॉलेजच्या संघासाठी प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू असतात. विल्यम्स, अॅम्हर्स्टसारख्या लहान कॉलेजांत साधारण एक तृतीयांश मुलं संघातून खेळतात, म्हणजे ही संख्या किरकोळ नाही. हार्वर्डवरच्या ज्या खटल्याचा निकाल २०२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लागला, त्यातल्या आकडेवारीत अशा हेरलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्के जणांना प्रवेश मिळालेला दिसतो. झुकतं माप मिळणारी माजी विद्यार्थ्यांची मुलंही अनेक ठिकाणी याच फेरीत येतात. आपल्या हिशेबात असे दीडशे जण बाजूला काढले तर उरलेल्या साडेअठराशेंतून अडीचशे घेतले. वीस टक्क्यांचे साडेतेरा झाले. यातले बहुतेक अमेरिकन. भारतातून, आर्थिक मदत मागून येणाऱ्या मुलीचा आकडा याहून खाली, आणि तो कुठलंच कॉलेज छापत नाही.

सानिकाचा चेहरा उतरला. मी तिला सांगितलं, आणि हे मी प्रत्येक मुलाला सांगते, की हा आकडा तू हुशार आहेस की नाही हे सांगत नाही. रांगेत तुझ्यापुढे कोण कोण उभं आहे, एवढंच त्यातून कळतं.

पण खरा गुंता पैशांचा होता. अशा खासगी कॉलेजांचा राहण्या-जेवणासह खर्च वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या पुढे जातो, म्हणजे सत्तर लाख रुपयांहून जास्त. बाबा पिंपरीतल्या कारखान्यात इंजिनिअर, आई शाळेत शिक्षिका. मी बाबांना एकच आकडा कागदावर लिहायला सांगितला: घर न विकता, धाकट्याच्या शिक्षणाला हात न लावता चार वर्षं दरवर्षी किती देता येतील? त्यांनी बराच वेळ घेऊन अठरा लाख लिहिले. मग थोड्या संकोचानं म्हणाले, “मॅडम, अर्जात मदत नको असं लिहू. चान्स वाढेल. एकदा आत शिरली की मागू.”

हा सल्ला त्यांना कुणीतरी दिला होता आणि तो फार घातक आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅम्हर्स्ट, डार्टमथ, बोडिन अशी थोडीच कॉलेजं परदेशी विद्यार्थी मदत मागतो की नाही हे निवड करताना बघत नाहीत. बाकीची बहुतेक बघतात, त्यामुळे बाबांचा तर्क अगदीच निराधार नव्हता. पण अनेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. जी फी भरणं शक्य नाही तिच्यासाठी सही करून बसायचं आणि डिसेंबरमध्ये घरात रडारड. मदत मागूनही ती पुरेशी मिळाली नाही, तर अर्ली डिसिजनच्या बंधनातून सुटता येतं. न मागणाऱ्याला हे कारण देता येत नाही.

बहुतेक कॉलेजं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं पत्रक दरवर्षी संकेतस्थळावर टाकतात. त्याच्या ‘सी’ विभागात बऱ्याच ठिकाणी अर्लीचे अर्ज आणि निवडी असतात. भारतीय पालकांनी आधी ‘एच’ विभाग उघडावा असं माझं मत आहे, कारण किती परदेशी मुलांना मदत दिली आणि सरासरी किती, ते तिथे असतं. सानिकानं यादीतल्या सगळ्या कॉलेजांचे ते आकडे बाबांच्या अठरा लाखांशेजारी मांडले. चार नावं तिनं स्वतःच खोडली.

उरली तिची फाइल. दहावीला ९६ टक्के, अकरावीला ७१. ‘अकरावी कोण बघतंय’ असं म्हणत ते वर्ष नीटच्या क्लासमध्ये गेलं, आणि मग वैद्यकीय नकोच असं ठरलं. अमेरिकेतली कॉलेजं मात्र नववीपासूनची चारही वर्षं बघतात. १ नोव्हेंबरला अर्ज केला असता तर शेवटचे पूर्ण गुण ७१ दिसले असते, कारण सहामाहीचा निकाल दिवाळीनंतर. शिवाय क्लासमुळे ती कॉलेजात फारशी बसलीच नव्हती. शिफारसपत्रं लिहिणारे शिक्षक तिला जेमतेम ओळखत होते. आपल्याकडच्या ‘टाय-अप’ कॉलेजांतल्या, म्हणजे नाव कॉलेजात आणि शिकणं क्लासमध्ये अशा, बहुतेक मुलांची हीच अडचण असते आणि पालकांच्या ती फार उशिरा लक्षात येते.

मी नोव्हेंबरला नको म्हटलं. जानेवारीच्या सुरुवातीला अर्ली डिसिजनची दुसरी फेरीही काही कॉलेजांत असते. बंधन तेच, पण तोवर सहामाहीचे गुण हातात येतात. सानिका दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन बसू लागली, तिथल्या मॅडमना आपण नोंदवलेली मुळा-मुठेच्या पाण्याची निरीक्षणं दाखवू लागली. सहामाहीला ८९ आले आणि जानेवारीत तिनं दुसऱ्या फेरीत अर्ज केला. मॅडमनी लिहिलेलं पत्र मला वाचायला मिळालं नाही, मिळायचंही नसतं.

या फेरीची एक अडचण बारावीच्या मुलांना आधी सांगायला हवी. निकाल फेब्रुवारीच्या मध्याला येतो, नेमकी बोर्डाची लेखी परीक्षा चालू असताना. म्हणून आईशी आधीच ठरवलं होतं की शेवटचा पेपर होईपर्यंत कुणीही लॉगिन करायचं नाही. पासवर्ड आईनं बदलून स्वतःकडे ठेवला.

प्रवेश मिळाला नव्हता. “नोव्हेंबरला टाकलं असतं तर?” हा तिचा पहिला प्रश्न. मी तिच्यासमोर दोन्ही वेळच्या फाइली ठेवल्या आणि तिलाच वाचायला लावल्या. नोव्हेंबरची तिनं अर्ध्यावरच मिटली. मार्चअखेर नियमित फेरीतून दोन होकार आले. एकात मदत तुटपुंजी होती. दुसऱ्यात, यादीत सातव्या क्रमांकावर असलेल्या कॉलेजात, घरच्यांना वर्षाला एकोणीस लाखांच्या आसपास भरावे लागणार होते. वरचा एक लाख मामा देणार असं ठरलं, आणि १ मेच्या मुदतीआधी बाबांनी तिथली अनामत भरली.