सीताबर्डीला गाडी बदलावी लागेल का?

प्रश्न : प्रवेशासाठी नागपूरला जायचे आहे. रस्ता विचारताना ‘कॅन यू टेल मी’ म्हणू की ‘कुड यू टेल मी’? कुड तर भूतकाळ ना?
– विद्यार्थिनी, आर्वी

उत्तर : दोन्ही चालतात, पण अनोळखी माणसाशी बोलताना कुड घे, ते जास्त अदबीचे. इथे भूतकाळाचा काही संबंध नाही. पुढचे वाक्य मात्र सांभाळ : ‘कुड यू टेल मी व्हेअर द मेट्रो स्टेशन इज?’ ‘इज’ शेवटीच येतो. भल्याभल्या पदवीधरांचीही इथे चूक होते.

प्रश्न : ‘मस्ट नॉट’ आणि ‘डोन्ट हॅव टू’ एकच ना? दोन्ही नकारच.
– स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, हिंगणघाट

उत्तर : अजिबात नाही, आणि परीक्षेत नेमके हेच विचारतात. नागपूर मेट्रोचा नकाशा समोर घ्या. ऑरेंज लाइन खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाते, ॲक्वा लाइन लोकमान्य नगरहून प्रजापती नगरकडे. दोन्ही सीताबर्डीला भेटतात. खापरीहून कस्तुरचंद पार्कला जायचे तर ‘यू डोन्ट हॅव टू चेंज ॲट सीताबर्डी’, म्हणजे गाडी बदलायची गरज नाही; उतरलात तरी कोणी अडवणार नाही. लोकमान्य नगरला जायचे तर ‘यू हॅव टू चेंज’. फलाटावरच्या पिवळ्या पट्टीची गोष्ट वेगळी : ‘यू मस्ट नॉट क्रॉस द यलो लाइन’. ही मनाई आहे. तिथे ‘डोन्ट हॅव टू’ म्हणालात तर पट्टी ओलांडायची की नाही, हे प्रवाशाच्या मर्जीवर सोडल्यासारखे होईल. आणि काल गाडी बदलावी लागली हे सांगताना मस्ट चालत नाही, ‘आय हॅड टू चेंज’ म्हणा.

प्रश्न : ‘शी कॅन गोज’ की ‘शी कॅन टू गो’?
– वाचक, काटोल

उत्तर : दोन्ही चूक. ‘शी कॅन गो’. विल, शुड, मस्ट यांनाही हाच नियम.

प्रश्न : आमच्या गावात इंग्रजी बोलणारे कोणी नाही. मुलीने सराव कोणाशी करावा?
– पालक, सिंदेवाही

उत्तर : तुमच्याशीच. तुम्ही मराठीत विचारा, तिने इंग्रजीत सांगावे. समजा, शेवटची एसटी हुकली. आता काय करायचे? ‘वी कॅन स्टे ॲट मामाज हाऊस.’ काळी-पिवळी मिळेल का? ‘वी माइट गेट वन.’ खात्री असेल तर माइटऐवजी विल. चुकले कुठे? ‘वी शुड हॅव लेफ्ट अर्लियर.’ हे शेवटचे वाक्य तिला जड जाईल, म्हणून तोच प्रश्न रोज वेगळ्या प्रसंगावर विचारा : छत्री विसरली, सुटे पैसे नव्हते, तिकीट हरवले.