भिंतीलाही ४८ ठोके?

प्रश्न : शिवाजी पेठेतल्या तालमीत पैलवानांच्या हृदयाचे ठोके कॅमेऱ्याने मोजतोय. छातीचा पट्टा घामात आणि लाल मातीत टिकत नाही. लॅपटॉपचा वेबकॅम, कपाळावर चौकट, हिरव्या रंगाची सरासरी आणि एफएफटी (चढउतारात कोणती लय किती जोरात आहे ते काढणारं गणित), एवढंच केलंय. फ्रेमदर सेकंदाला २४.८ येतो. जोर-बैठका मारून आलेल्या पोराची नाडी मनगटावर १३० लागते, कॅमेरा ४८ वर अडून बसतो. चौकट चुन्याच्या भिंतीवर नेली तरी ४८च!
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भिंतीवर बघितलंत, हे फार चांगलं केलंत. भिंतीला नाडी नसते. हे ४८ तुमच्या ट्यूबलाइटचे आहेत. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॅमेरा सेकंदाला २४.८ चित्रंच घेतो, म्हणजे दर चित्रामागे चार लुकलुकी आणि थोडं उरतं; ते उरलेलं संथ लाटेसारखं दिसतं. २४.८ ची चौपट ९९.२. उरला फरक ०.८ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला बरोबर ४८. तो थेट नाडीच्या आकड्यांच्या टप्प्यात येऊन बसतो.

ऑटो एक्स्पोजर बंद करा आणि एक्स्पोजर १/५० सेकंदावर बांधा. तेवढ्या वेळात लुकलुकीची दोन पूर्ण आवर्तनं मावतात, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. ऑटो व्हाइट बॅलन्सही बंद. त्याहून उत्तम म्हणजे ट्यूब मालवून पोराला दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवा.

रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून हिरवा रंग घ्यायचा. पण ठोक्यागणिक होणारा फरक रंगाच्या ० ते २५५ पातळ्यांपैकी जेमतेम एखाद्या पातळीचा, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. सावळ्या कातडीवर आणखी फिका. त्यामुळे चौकट मोठी हवी, कपाळाबरोबर दोन्ही गालही घ्या. व्हिडिओ दाबून (कॉम्प्रेस करून) साठवू नका, तो फरक त्यातच पुसला जातो. घामाची चकाकी नाडी झाकते. पंच्याने तोंड टिपून घ्या.

कुस्तीच्या हौद्यातून वर आलेला गडी धापा टाकतो, डोकं हलतं. तिथे नुसता हिरवा पुरत नाही. तिन्ही रंग जुळवून हालचाल वजा करणारी २०१३ ची ‘क्रोम’ किंवा २०१७ ची ‘पीओएस’ पद्धत वापरा. मेहनत थांबली की ठोके झपाट्याने उतरतात, म्हणून ३० सेकंदांच्या तुकड्यात एफएफटीच्या आलेखातलं शिखर पसरट होतं. १० सेकंदांचा तुकडा घ्या. त्यात मात्र ६ ठोक्यांच्या आतला फरक नीट कळणार नाही.

भिंतीवरची चौकट कायम राहू द्या. कपाळाचं शिखर तिच्या शिखराशी जुळलं, तर तो आकडा वहीत लिहू नका.